चोरपावलांची सोबत

आषाढात आमच्या वेंगुर्ल्याला संध्याकाळी वीज गेली की ती रात्रीत परत येईल या भरवशावर कोणी बसत नाही. माजघरातल्या जुन्या मेजावर कंदील ठेवायचा, खिडक्या ओढून घ्यायच्या आणि कौलांवर कोसळणाऱ्या पावसाच्या वर आवाज चढवून बोलायचे, अशी आमच्या खेळाची बैठक असते. खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स: एकजण गोष्ट रचून खेळ चालवतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन बोलतात, आणि काय जमले काय फसले ते फासे ठरवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, आणि त्यामुळे माझा चुलतभाऊ, आमचा दादा, या दोन महिन्यांत निवांत मेजाशी बसू शकतो. परवाच्या बैठकीत मंडळी खाडीच्या मुखावरच्या एका जलदुर्गात शिरण्याच्या बेतात होती. माझ्या भाचीचे पात्र ‘पिंगळा’ हे ‘रोग’ (इंग्रजी rogue) या क्लासचे, म्हणजे पेशाचे: लपणे, कुलपे उघडणे आणि बेसावध शत्रूच्या मर्मावर वार करणे यांत तरबेज असलेले. “तुम्ही खडकाआड थांबा, मी एकटा आत जाऊन बघून येतो,” असे तिने पिंगळ्याच्या तोंडून सांगितले आणि वीस बाजूंचा फासा टाकला. आकडा चांगला पडला. त्यानंतर बराच वेळ संवाद फक्त तिच्यात आणि माझ्यात चालला होता, कारण खेळ चालवणारी मी. तट, चोरवाट, मशालीचा धूर, पहारेकऱ्याचे खोकणे, सगळे तिलाच दिसत होते आणि तिलाच ऐकू येत होते. शेजारचे गुरुजी खिडकीच्या फटीतून येणारे पाणी फडक्याने टिपत होते. दादाने आपले फासे रुमालात गुंडाळून ठेवले आणि अगदी सरळपणे विचारले, “तवसर आमी काय करूचा गो?”

त्या विचारण्यात राग नव्हता, म्हणूनच ते माझ्या मनातून जाईना.

या क्लासचे गुणदोष मांडताना बहुतेक खेळाडू आकड्यांपासून सुरुवात करतात. मला मात्र आधी भाचीचा चेहरा आठवतो. आमच्यासारख्या गावात मुलीने नाक्यापर्यंत जायचे म्हटले तरी प्रत्येक पडवीतून “खंय चललंस गो?” असा प्रश्न येतो. त्या प्रश्नात माया असते, हे मी नाकारणार नाही. अडल्यानडल्या वेळी तीच माणसे धावून येतात. पण पंधरा वर्षांच्या मुलीला एकदा तरी कोणाच्याही नजरेस न पडता गावच्या या टोकाहून त्या टोकाला जावेसे वाटणारच. पिंगळा तेच करतो. तो तटावरून उतरतो, पहारेकऱ्याच्या पाठीमागून सरकतो आणि कोणीही त्याला कुठे चाललास म्हणून विचारत नाही. तलवार घेऊन समोर उभे राहण्यापेक्षा, मंत्र म्हणून आग ओतण्यापेक्षा हा आनंद निराळ्या जातीचा आहे. ज्याला न दिसण्याची ओढ आहे त्याला हा क्लास जे देतो ते दुसरा कोणताही क्लास देत नाही, आणि हे त्याच्या सामर्थ्यांत मी सर्वांत आधी धरते.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपासक. चोर त्यांत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका येथील एका हॉबीच्या दुकानात जमणाऱ्या खेळाडूंमध्ये ती कल्पना निघाली, फोनवरून गायगॅक्स यांच्या कानी गेली आणि १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत ‘थीफ’ म्हणून छापून आली. त्यामुळे एक पेच निर्माण झाला आणि तो आजही पुरता सुटलेला नाही. त्याआधी भुयारात सापळा आहे का हे कोणीही शोधत असे. काठीने फरशी ठोकून पाहावी, दारापाशी कान लावावा, खेळ चालवणाऱ्याला नेमके प्रश्न विचारावेत. चोर आला आणि या सर्व उद्योगांना त्याच्या नावाची टक्केवारी लागली. मग बाकीच्यांना वाटू लागले की हे काम आपले नव्हेच. एका पात्राला नवे कौशल्य देताना इतर पात्रांच्या हातून एक साधी कृती निसटली, आणि दादाच्या प्रश्नाचे मूळ मला तिथपर्यंत गेलेले दिसते.

बरे, ज्याच्या हाती ती कृती गेली त्याला तरी ती जमत होती का? १९८१च्या बेसिक नियमांत पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अनुभवाच्या पहिल्या पायरीवरच्या, चोराला सावलीत लपण्याची संधी शंभरात १०, आवाज न करता चालण्याची २०. उभी भिंत चढण्याची मात्र ८७. तट सहज चढून जायचे, आणि वर पोचल्यावर दहांतून नऊ वेळा पहारेकऱ्याच्या नजरेस पडायचे, अशी त्याची गत होती. अंगात जीव किती, तर चार बाजूंच्या फाशावर पडेल तेवढा. पुढे २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत या चोराचा ‘रोग’ क्लास झाला आणि त्याला स्नीक अटॅक, म्हणजे मर्मावर जादा फाशांचा वार, मिळाला, तरी सांगाडे, प्रेते आणि यंत्रपुतळे यांना मर्मस्थान नसते म्हणून त्यांच्यावर तो चालत नसे. ज्या संध्याकाळी मंडळी थडग्यात उतरत, त्या संध्याकाळी या खेळाडूचा निम्मा क्लास घरी राहत असे. २००८च्या चौथ्या आवृत्तीने ती अट काढून टाकली, २०१४च्या पाचव्या आवृत्तीतही ती परत आली नाही, आणि मला तो निर्णय मनापासून आवडतो.

आम्ही खेळतो ती ही पाचवी आवृत्ती, आणि तिच्यातले आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. पाचव्या लेव्हलला स्नीक अटॅकचे सहा बाजूंचे तीन फासे मिळतात. हातात पातळ रेपियर तलवार आणि अंगात चपळाईचे अधिक ४ असतील तर एका लागलेल्या वाराची सरासरी १९ येते. त्याच लेव्हलला दुहाती तलवार चालवणारा, तितक्याच ताकदीचा लढवय्या आपल्या पाळीत दोन वार करतो, आणि दोन्ही लागले तर सरासरी २२ होते. फरक फारसा नाही, असे वाटेल. पण प्रत्येक वार लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली तर लढवय्याचा निदान एक वार लागण्याची शक्यता ८८ टक्क्यांच्या जवळ जाते, आणि पिंगळ्याच्या हाती मात्र तेच ६५ टक्के राहतात. तिसरा हिस्सा पाळ्या रिकाम्या जातात आणि खेळाडू नुसता पुढच्या फेरीची वाट पाहतो. रेपियर ठेवून एका हातात आखूड तलवार आणि दुसऱ्यात खंजीर अशी हलकी शस्त्रे धरली, तर पाळीतल्या जादा छोट्या कृतीने, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनने आणखी एक वार करता येतो, पण मग त्याच बोनस अ‍ॅक्शनवर चालणारे निसटणे, लपणे, धावणे हातचे जाते. दुसऱ्या लेव्हलला मिळणारी ही ‘कनिंग अ‍ॅक्शन’ मला या क्लासचा प्राण वाटते. वार करून शत्रूच्या तावडीतून अलगद बाजूला होणे, ही जागा बदलण्याची मोकळीक मोठमोठ्या शस्त्रधाऱ्यांना नसते. हा क्लास काचेसारखा ठिसूळ असल्याचे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. पाचव्या लेव्हलला सारख्याच प्रकृतीच्या लढवय्याचे ४४ हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे गुण, असतात आणि पिंगळ्याचे ३८ होतात. शिवाय डोळ्यांसमोरून आलेल्या एका वाराचे नुकसान तो दर फेरीत निम्म्यावर आणू शकतो. तो मरतो तो बहुधा अंगातल्या रक्ताच्या कमतरतेने नव्हे, तर सोबत्यांपासून लांब असल्यामुळे.

लांब जाण्याची ही किंमत फाशांच्या हिशेबात स्पष्ट दिसते. पहिल्या लेव्हलपासूनच या क्लासला दोन कौशल्यांत दुप्पट प्रावीण्य मिळते. भाचीने त्यांतले एक स्टेल्थला, म्हणजे लपण्याला, दिले आहे, त्यामुळे पिंगळा फाशावरच्या आकड्यात ७ मिळवतो. साध्या पहारेकऱ्याचे लक्ष, म्हणजे पॅसिव्ह पर्सेप्शन, १२. फाशावर ५ किंवा अधिक पडले की पुरे. शंभरांत ८० वेळा तो सुटतो. हे ऐकायला निर्धास्त वाटते. पण खेळ चालवणाऱ्याने बुरुजाला एक, जिन्याला एक, दालनाला एक असे वेगवेगळे फासे मागितले, तर तीनदा सलग सुटण्याची शक्यता निम्म्यावर येते आणि पाचदा सलग सुटण्याची जेमतेम ३३ टक्के उरते. ज्या खेळाडूने आपले सर्व काही लपण्यात गुंतवले आहे त्याला दर वळणावर पुन्हा फासा टाकायला लावणे हा त्या क्लासवर मोठा अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे. एका शिरकावाला एक फासा, आणि परिस्थिती खरोखर बदलली तरच दुसरा, असा रिवाज मी ठेवते.

परिस्थिती कशाने बदलते, हे मला नियमांच्या पुस्तकापेक्षा या किनाऱ्याने अधिक शिकवले. लपण्यासाठी अंधार हवा, असे सर्वांना वाटते. नियमांतही निव्वळ अंधार पुरत नाही. गॉब्लिन नावाच्या छोट्या राक्षसाला ६० फुटांपर्यंत अंधारातले दिसते, त्याच्यापुढे काळोखात उभे राहणारा जवळजवळ उघड्यावरच उभा असतो. आड हवी. मालवणला होडीतून सिंधुदुर्गाकडे जाताना हे डोळ्यांना कळते. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभारलेल्या त्या किल्ल्याचे महाद्वार भर दुपारच्या उन्हातही लांबून दिसत नाही. तट असा वळवला आहे की होडी जवळ नेऊन बाक घेतल्याशिवाय दार कुठे आहे हे समजतच नाही. तिथे काळोखाचा संबंध नाही, नजरेच्या रेषेचा आहे. माझ्या जलदुर्गाचे दार मी तसेच आखले, आणि पिंगळ्याने ते शोधले तेव्हा भाचीने मेजावर थाप मारली होती. आवाजाचेही तसेच. वैशाखात काजूच्या बागेतून चालताना वाळक्या पानांचा असा चुरचुराट होतो की मांजरसुद्धा लपून येऊ शकत नाही. त्याच बागेत आषाढात पाने भिजून मातीला चिकटलेली असतात, पागोळ्या अखंड गळत असतात, आणि पाठीमागे माणूस येऊन उभा राहिला तरी कळत नाही. म्हणून पावसाळी रात्री मी पिंगळ्याला सवलत देते आणि कोरड्या दिवसांत हात आखडता घेते. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र सवलत नाही. मॅस्टिफ जातीच्या कुत्र्याला वास आणि आवाज टिपण्यात विशेष बळ असते, त्याचे पॅसिव्ह पर्सेप्शन अशा वेळी १८ धरावे लागते आणि पिंगळ्याची ८० टक्के संधी एकदम ५० वर उतरते. किल्ल्याच्या आतल्या चौकात त्या रात्री तशी दोन कुत्री होती.

त्यांच्यापाशीच मला या क्लासमधली सर्वांत विलक्षण गोष्ट पुन्हा दिसली.

स्नीक अटॅक हा शब्द ऐकला की एकट्याने अंधारातून केलेला वार डोळ्यांसमोर येतो. नियम तसे म्हणत नाही. फासा टाकताना दोन टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज असेल तर हा वार लागू होतो, किंवा मग लक्ष्यापासून पाच फुटांच्या आत आपला एखादा सोबती उभा असेल तर. हा दुसरा मार्ग रोजचा आहे, लढाईत तोच सर्वाधिक वेळा उपयोगी पडतो. म्हणजे दादाचा लढवय्या साखळीचे चिलखत खणखणवत शत्रूच्या छातीसमोर उभा राहिला, शत्रूचे डोळे त्याच्यावर खिळले, की पिंगळ्याचा खंजीर जिव्हारी लागतो. दादा किनाऱ्यावर खडकाआड बसला असेल तर चौकातल्या कुत्र्यांनी हेरलेल्या पिंगळ्याच्या हातात साधा खंजीर उरतो. ज्या ठिकाणी जायची या क्लासला सर्वांत अधिक ओढ, त्याच ठिकाणी त्याची धार सर्वांत बोथट. पुढच्या काळातल्या नियमांनी ही अट थोडी सैल केली. स्वॅशबकलर या उपशाखेला एकास एक लढताना सोबत्याशिवायही स्नीक अटॅक मिळतो, आणि २०२० साली आलेल्या ‘स्टेडी एम’ या ऐच्छिक नियमाने जागेवरून न हलता नेम धरला तर अ‍ॅडव्हान्टेज मिळू लागला. ‘स्टेडी एम’ उपयुक्त आहे, हे मी मान्य करते. तरी मला तो मनापासून रुचत नाही. हालचाल हा ज्याचा प्राण आहे त्याला एका जागी खिळवून बळ देणे, आणि सोबत्याची गरज बाजूला सारणे, या दोन्हींनी क्लासची घडण उसवते. उलट २०२४च्या सुधारित नियमांत स्नीक अटॅकचा एखादा फासा सोडून त्या बदल्यात शत्रूला पाडता येते किंवा विषबाधा करता येते, ते मला फार आवडले, कारण पाडलेल्या शत्रूवर पुढचा वार दादा करतो.

सोबतीचा हाच धागा लपण्याच्या नियमातही आहे, फक्त तो फारसा वापरला जात नाही. सगळी मंडळी एकत्र सरकत असतील तर खेळ चालवणारा सामूहिक चाचणी घेऊ शकतो: निम्मे किंवा अधिक जण यशस्वी झाले की सगळेच यशस्वी. एकट्या दादाचे चिलखत पहारेकऱ्याच्या कानावर न पडण्याची संधी शंभरांत २०. पण चौघांपैकी दोघे लपले तर दादाही लपला. जो लपण्यात निष्णात आहे तो न लपता येणाऱ्याला आपल्या आडोशात घेतो. आमच्याकडे गाऱ्हाणे घालताना एकजण देवापुढे सर्वांच्या वतीने बोलतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणत राहतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणे पुरे होत नाही. पुढे गेलेला हेरही सर्वांच्या वतीने गेलेला असतो, आणि मागच्यांना होकार भरायला जागा मिळाली नाही तर त्याचे जाणे मेजावर एकाकी आणि लांबट होते. हा दोष खेळाडूचा नाही. क्लासच्या रचनेतच तो आहे, आणि म्हणून त्याची भरपाई खेळाच्या रचनेतच करायला हवी.

म्हणून त्याच रात्री, दादाचा प्रश्न आल्यावर, मी ओहोटी सुरू केली. पिंगळा आत चौकात थबकलेला असताना बाहेर खडकांत पाणी उतरू लागले, होडी तळाला घासू लागली, आणि ती धरून ठेवायची तर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, आवाज न करता, लाटेच्या तालावर जोर लावायला हवा होता. पुस्तकातल्या कोणत्याही नियमापेक्षा दादाला यातले अधिक कळते. त्याने फासे रुमालातून काढले आणि होडीचे तोंड कुठे वळवायचे, दोर कोणत्या खडकाला घालायचा, वारा कुठून आहे, हे विचारायला सुरुवात केली. गुरुजींच्या उपासकाने ओल्या फडक्यात कंदील गुंडाळून खुणेसाठी तयार ठेवला. आता आत एक फासा, बाहेर एक फासा, असे आळीपाळीने चालले. पिंगळ्याला कुत्र्यांनी हेरले ते पुढच्याच फेरीत. पण तेव्हा दार आतून उघडलेले होते, होडी दारापाशी आलेली होती, आणि पहिले कुत्रे दादाच्या ढालीवर आदळले. भाचीने स्नीक अटॅकचा फासा टाकला आणि तो टाकण्याआधी तिने दादाकडे पाहिले, हे मी टिपून ठेवले आहे.

वरच्या लेव्हलला चित्र बदलते, आणि तिथे माझ्या मनात दोन्ही भाव आहेत. अकराव्या लेव्हलला ‘रिलायेबल टॅलेंट’ मिळाले की प्रावीण्य असलेल्या कौशल्यात फाशावर १० पेक्षा कमी पडले तरी १० धरतात. चपळाई अधिक ५ आणि दुप्पट प्रावीण्याचे ८ मिळवले की स्टेल्थचा आकडा २३च्या खाली येतच नाही. साधा पहारेकरी मग त्याला कधीच पाहू शकत नाही. एवढ्या वर्षांच्या टक्केवारीनंतर या क्लासला मिळालेली ही खात्री मला न्याय्य वाटते. तरीही फासा थांबेपर्यंत मेजावर जो श्वास रोखला जातो, तो इथे उरत नाही. शिवाय याच सुमारास जादूगार अदृश्य होण्यापासून भिंतीपलीकडे पाहण्यापर्यंत सर्व काही मंत्राने करू लागलेला असतो. पण त्याचे मंत्र संपतात, पिंगळ्याची पावले संपत नाहीत. दिवसाच्या अखेरीस, सगळे थकलेले असताना, दाराला कान लावायला पुन्हा त्यालाच पुढे जावे लागते.

किल्ला घेतल्यावर मंडळी तिसऱ्या लेव्हलला पोचली आहेत आणि पिंगळ्याची उपशाखा निवडायची आहे. भाचीला आधी ‘असॅसिन’ हवा होता. बेसावध शत्रूला त्याचा वार लागला की तो नेहमीच ‘क्रिटिकल’, म्हणजे दुप्पट फाशांचा, ठरतो, हे तिने वाचले होते. मी तिला नियम पुन्हा वाचायला सांगितला: शत्रू बेसावध राहायचा तर त्याला मंडळींपैकी एकाचीही चाहूल लागता कामा नये, म्हणजे त्या सगळ्या सामर्थ्याची किल्ली पुन्हा दादाच्या चिलखतापाशी. आता ती ‘आर्केन ट्रिकस्टर’चा विचार करते आहे, कारण त्याच्या अदृश्य हाताने लांबून किल्ली काढून घेता येते. गुरुजींचा कल साध्या ‘थीफ’कडे आहे. त्याची ‘फास्ट हँड्स’ ही क्षमता पुष्कळांना किरकोळ वाटते, पण बोनस अ‍ॅक्शनमध्ये कुलूप उघडता येते, सापळा निकामी करता येतो, आणि आमच्या मेजावर आम्ही असेही मान्य केले आहे की वार करून झाल्यावर त्याच पाळीत औषधाची पेटी उघडून कोसळलेल्या सोबत्याचा जीव स्थिर करता येईल. माझे मतही थीफच्या बाजूने आहे. दादाने आपले मत अजून दिलेले नाही. नारळी पौर्णिमेआधी एक बैठक व्हायची आहे, तेव्हा भाची त्याला विचारून ठरवणार आहे.